वर्दी : गणवेश आणि खबर

मराठीत 'वर्दी' या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. पोलिसाच्या अंगावर असतो तो गणवेश म्हणजे वर्दी; आणि गावात आग लागली, विहिरीत प्रेत दिसले, शेजारच्या घरातून किंकाळी ऐकू आली, म्हणजे कोणीतरी ठाण्यावर जाऊन देतो ती खबर, तीही वर्दीच. हे दोन अर्थ एका शब्दात कसे एकत्र आले, हा व्युत्पत्तीचा प्रश्न आम्ही येथे घेत नाही. आमच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. एकाने वर्दी द्यावी आणि वर्दी घातलेल्या दुसऱ्याने ती लिहून घ्यावी, या व्यवहारावर आपल्याकडची गुन्ह्याची सगळी नोंद उभी आहे. पोलीस दप्तरातली आणि वर्तमानपत्रातलीही. मग वर्दी घालणाऱ्यानेच, ती उतरवून ठेवल्यावर, आपल्या घरात किंवा मांडवात कोणाचा जीव घेतला, तर त्याची वर्दी कोण देतो, कोण घेतो, आणि ती आपल्यापर्यंत कोणत्या भाषेत पोहोचते?

या प्रश्नाचा विचार आम्ही खानदेशाच्या संदर्भात करणार आहोत. गणवेशातल्या शिपायाशी या प्रांताचा संबंध जुना आहे आणि तो बऱ्यापैकी लिहिला गेलेला आहे. १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला, तेव्हा डोंगराळ भागातील भिल्लांशी सरकारचा झगडा पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. त्यावर तोड म्हणून १८२५ मध्ये जेम्स औट्रम याच्या हाताखाली भिल्लांचीच एक पलटण उभारण्यात आली. आजच्या जळगाव जिल्ह्यातले धरणगाव हे तिचे मुख्य ठाणे. भिल्लांना गणवेश द्यायचा आणि त्यांच्याकरवी भिल्ल मुलखाचा बंदोबस्त करायचा, अशी ती योजना होती. औट्रमची चरित्रे आणि जिल्ह्याची गॅझेटिअरे या पलटणीविषयी भरभरून लिहितात. तिच्यातला शिपाई संध्याकाळी आपल्या झोपडीत गेल्यावर कसा वागत असे, याविषयी मात्र ती काही सांगत नाहीत. दप्तर गणवेशाबरोबर सुरू होते आणि गणवेशाबरोबर मिटते.

पुढल्या काळातही हेच दिसते. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिम खानदेशात असलेल्या नंदुरबार येथे ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांनी मिरवणुकीवर गोळीबार केला. त्यात शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा आणि त्याचे सोबती मारले गेले. त्यांचे स्मारक झाले, त्यांचे धडे पाठ्यपुस्तकांत आले. मे १९७० मध्ये भिवंडीपाठोपाठ जळगावात दंगल झाली. त्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली आणि पोलिसांच्या वर्तनाची चिकित्सा करणारा एक विस्तृत दस्तऐवज आपल्याला मिळाला. ६ जानेवारी २०१३ रोजी धुळ्यात हॉटेलच्या बिलावरून सुरू झालेल्या भांडणाची दंगल झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण मरण पावले. त्या दिवशी पोलीसच मोडतोड आणि लूट करत असल्याची दृश्ये नागरिकांनी भ्रमणध्वनीवर टिपली. ती सर्वत्र पसरली आणि त्यांच्या आधारे काही पोलिसांना अटकही झाली. धुळ्याच्या या घटनेचे महत्त्व आम्हांस मोठे वाटते. वर्दी देण्याचे काम तेथे ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांच्याच हाती आले होते, आणि म्हणूनच ती नाकारता आली नाही.

या सर्व घटनांत पोलीस कामावर होते. त्यामुळे त्यांच्या हिंसेला एक ठराविक वाट मिळाली : चौकशीची मागणी, आयोग, अहवाल, विधिमंडळातील प्रश्न, स्मारक. ती वाट न्यायापर्यंत पोहोचते असे नाही. पुष्कळदा ती अहवालातच संपते. तरीही ती हिंसा सार्वजनिक मानली जाते आणि इतिहासाच्या कक्षेत येते. रजेवर असलेल्या, पाळी संपवून घरी गेलेल्या किंवा निवृत्त झालेल्या गणवेशधाऱ्याची हिंसा या वाटेने जात नाही. तिची जागा गुन्हेवृत्ताच्या पानावर, एका अपघाताच्या आणि एका मंगळसूत्रचोरीच्या मध्ये असते.

कायदा या बाबतीत काय म्हणतो ते पाहणे उपयोगी ठरेल. १८६१ च्या पोलीस कायद्यातच पोलीस अधिकारी सदैव कर्तव्यावर असल्याचे समजावे, असे कलम होते. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या, २८ व्या कलमातही तेच तत्त्व आहे : जो रजेवर नाही आणि निलंबित नाही, तो पोलीस चोवीस तास कामावरच आहे. पाळी संपली, जेवायला बसला, झोपला, तरीही. दुसरीकडे, लोकसेवकावर खटला भरण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी असे सांगणारे जे संरक्षण आहे (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १९७ वे कलम, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे २१८ वे), ते केवळ कर्तव्याशी संबंध असलेल्या कृत्यांना लागू होते. बायकोचा किंवा मैत्रिणीचा खून करणाऱ्याला ते मिळत नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने जबाबदारी अखंड आहे आणि संरक्षण प्रसंगापुरते आहे. ही मांडणी शहाणपणाची आहे. व्यवहारात आणि वार्तांकनात मात्र ती नेमकी उलटी होते : जबाबदारी प्रसंगापुरती उरते आणि संरक्षण अखंड मिळत राहते. हे कसे होते ते दोन प्रकरणांवरून पाहू.

पहिले प्रकरण खानदेशातलेच आहे. २६ एप्रिल २०२५ रोजी रात्री जळगाव जिल्ह्यातील चोपडा येथे एका घरी हळदीचा कार्यक्रम चालू होता. नवऱ्या मुलीचा भाऊ आणि त्याची पत्नी त्यासाठी पुण्याहून आले होते. त्यांचा प्रेमविवाह होता आणि तो पत्नीच्या वडिलांना मान्य नव्हता. हे वडील धुळे जिल्ह्यातील शिरपूरकडचे, केंद्रीय राखीव पोलीस दलातून निवृत्त झालेले. ते त्या कार्यक्रमात आले आणि त्यांनी गोळ्या झाडल्या, असा त्यांच्यावरील आरोप आहे. मुलगी जागीच गेली. जावई जखमी झाला. जमलेल्या लोकांनी वडिलांना पकडून मारहाण केली. त्या कुटुंबातील कोणाचेही नाव आम्ही येथे लिहीत नाही. वर्तमानपत्रांनी ती सर्व नावे छायाचित्रांसह छापली. त्या मुलीला त्याचा उपयोग झाला असे आम्हांस वाटत नाही.

काटेकोरपणे पाहिले तर हा मनुष्य 'कामावर नसलेला पोलीस' नव्हता. तो निवृत्त होता, आणि त्याचे दल राज्याच्या पोलिसांपैकी नव्हे. १९३९ मध्ये नीमच येथे संस्थानिकांच्या मुलखातील बंदोबस्तासाठी स्थापन झालेले, १९४९ मध्ये आजचे नाव मिळालेले, केंद्रीय गृहखात्याचे ते दल आहे. तरीही हे प्रकरण आमच्या विषयाच्या आत बसते असे आम्ही मानतो; कारण त्या बातमीत त्याच्या नोकरीचा उल्लेख अगदी पहिल्या ओळीत होता आणि पहिल्या ओळीनंतर तो कोठेच नव्हता. 'निवृत्त जवानाने' असे म्हणून बातमी सुरू होई आणि लगेच 'बापाने' या शब्दावर जाई. यानंतर ती बापाची आणि मुलीची गोष्ट झाली. आणि मग तिला ते नाव मिळाले, जे गेली काही वर्षे मराठीत अशा प्रत्येक बातमीला मिळते : 'सैराट'.

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ मध्ये प्रदर्शित झाला. जातीच्या नावाने होणाऱ्या हत्येकडे प्रेक्षकाला पाहायला लावणारा तो चित्रपट आहे. त्याचे नाव आता वर्तमानपत्रांच्या भाषेत एक सामान्यनाम होऊन बसले आहे. 'अमुक गावात सैराट', 'सैराटची पुनरावृत्ती' असे मथळे आपण वाचतो. एखाद्या कलाकृतीने समाजाला एका वास्तवासाठी शब्द द्यावा, ही साहित्याच्या विद्यार्थ्याला समाधानाची गोष्ट वाटू शकते. परंतु तो शब्द मिळाल्यामुळे विचारायचे थांबलेले प्रश्न मोजले पाहिजेत. 'सैराट' म्हटले की शेवट आधीच ठाऊक असतो. घटना गोष्टीच्या साच्यात बसते आणि साच्याबाहेरचे तपशील गळून पडतात. चोपड्याच्या घटनेतला गळून पडलेला तपशील म्हणजे पिस्तूल. ते कोठून आले? त्याचा परवाना होता का, असल्यास कोणी आणि कशासाठी दिला? मुलीच्या लग्नामुळे कुटुंबात चाललेला वैरभाव परवाना देणाऱ्या कचेरीला कळण्याची काही सोय होती का? शस्त्र वापरण्याचे शिक्षण सरकारी खर्चाने घेतलेला मनुष्य गावी परततो, तेव्हा त्याच्याविषयीची सरकारची जबाबदारी निवृत्तिवेतनापाशी संपते का? 'बाप' या शब्दाला हे प्रश्न विचारता येत नाहीत. ते 'जवान' या शब्दाला विचारावे लागतात, आणि तो शब्द तर पहिल्या ओळीतच राहून गेला.

दुसरे प्रकरण खानदेशाबाहेर घडले, पण त्याचा एक धागा जळगावपर्यंत येतो. सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे या मूळच्या कोल्हापूर जिल्ह्यातील आळते गावच्या. ११ एप्रिल २०१६ पासून त्या बेपत्ता झाल्या. तेव्हा त्यांची नेमणूक नवी मुंबईत होती. त्यांची सांगलीपासून ओळख असलेले पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर यांच्यावर कुटुंबीयांचा संशय होता आणि तो त्यांनी बोलून दाखवला होता. गुन्हा नोंदला गेला तो जानेवारी २०१७ च्या अखेरीस. त्याच महिन्यात प्रजासत्ताक दिनाला कुरुंदकर यांना राष्ट्रपतींचे पोलीस पदक जाहीर झाले. अटक झाली ७ डिसेंबर २०१७ रोजी. भाईंदरच्या त्यांच्या सदनिकेत बिद्रे यांचा खून करून मृतदेहाचे तुकडे वसईच्या खाडीत टाकले, असे तपासात पुढे आले. खाडीत पुष्कळ शोध घेतला गेला. मृतदेह मिळाला नाही. पनवेलच्या सत्र न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये कुरुंदकर यांना दोषी ठरवून जन्मठेप दिली, दोघांना पुरावा नष्ट केल्याबद्दल शिक्षा दिली आणि एकाची निर्दोष मुक्तता केली. पदकाबाबत न्यायालयानेही प्रश्न उपस्थित केला.

या प्रकरणात मारणारा पोलीस होता, मेलेली पोलीस होती, तपास करणारेही पोलीस. बेपत्ता झाल्याची वर्दी घेऊन कुटुंबीय ज्या खात्याकडे गेले, त्याच खात्यातला अधिकारी संशयित होता. त्यामुळे 'बेपत्ता' हा शब्द कित्येक महिने टिकून राहिला. बेपत्ता माणसाला मारेकरी नसतो. ती आपणहून कोठेतरी गेली असेल, असा आडून सुचवलेला अर्थ त्या शब्दात राहतो. आणि बेपत्ता झालेली जर विवाहित स्त्री असेल, तर त्या अर्थाला लोकांच्या मनात जागा सहज मिळते. पती, भाऊ, वडील यांना खात्याचे उंबरे झिजवावे लागले, उच्च न्यायालयात जावे लागले, पत्रकारांना पुन्हा पुन्हा भेटावे लागले. नऊ वर्षे ही वर्दी त्यांनी आपल्या अंगावर वागवली. एका गोष्टीसाठी येथे वर्तमानपत्रांना श्रेय दिले पाहिजे : त्यांनी हा विषय मरू दिला नाही. पत्रकारांचा पाठपुरावा नसता, तर 'बेपत्ता' हाच शेवटचा शब्द ठरला असता, असे मानायला जागा आहे.

मात्र त्याच वार्तांकनाची दुसरी बाजूही आहे. अटका झाल्या तेव्हा आरोपींपैकी एक जण जळगाव जिल्ह्यातील एका मोठ्या राजकीय नेत्याचा नातेवाईक निघाला. मथळ्यांत त्याच्या कथित कृत्यापेक्षा त्याचे नाते ठळक झाले. आणि खानदेशातल्या वाचकाला हे प्रकरण जे कळले, ते मुख्यतः राजकारणाची बातमी म्हणून. निर्दोष सुटलेली व्यक्ती तीच. म्हणजे ज्या धाग्याने हे प्रकरण जळगावशी जोडले गेले, तो धागा न्यायालयात टिकला नाही. एका स्त्रीच्या खुनाविषयीची जिल्ह्याची आठवण मात्र त्याच धाग्याभोवती गुंडाळलेली राहिली. शिवाय खुनाच्या साधनांची आणि मृतदेहाच्या विल्हेवाटीची जी वर्णने महिनोन्‌महिने छापली गेली, ती आम्ही येथे पुन्हा लिहीत नाही. त्या वर्णनांखाली पदकाचा प्रश्न दबून गेला होता, एवढेच नोंदवतो. एखाद्या अधिकाऱ्याविरुद्ध गंभीर संशय असताना त्याच्या नावाची शिफारस कोणत्या टेबलावरून पुढे सरकली, ही खरी बातमी होती. ती क्रौर्याच्या तपशिलाएवढी वाचनीय नव्हती.

आता या वार्तांकनाच्या भाषेकडे वळू. कारण आमच्या वाचकांपैकी बहुतेक जण भाषेचे अभ्यासक आहेत. मराठी गुन्हेवृत्ताला पंचमी विभक्ती फार प्रिय आहे. 'प्रेमप्रकरणातून खून', 'कौटुंबिक वादातून गोळीबार', 'नैराश्यातून टोकाचे पाऊल', 'चारित्र्याच्या संशयातून पत्नीची हत्या'. हा '-तून' प्रत्यय मोठे काम करतो. पाणी झऱ्यातून यावे तसा खून वादातून येतो. तो करणारा हात वाक्यात नंतर येतो किंवा येतच नाही. शिवाय कारण म्हणून जे सांगितले जाते, ते बहुधा आरोपीच्या बाजूचे असते. 'चारित्र्याच्या संशयातून' या शब्दांत संशय घेणाऱ्याचे मन आहे आणि मेलेलीचे चारित्र्य आहे. तिचे मन कोठेही नाही. हे कारण पत्रकाराला कोण पुरवतो? बहुतेक वेळा पोलीस ठाणे. 'प्राथमिक तपासात पुढे आले आहे' आणि 'पोलीस सूत्रांनी सांगितले' ही वाक्ये त्याची खूण आहेत. एरवी ही गोष्ट सोयीची म्हणून चालून जाते. आरोपीच पोलीस असतो तेव्हा मात्र ती गंभीर होते. कारण त्या वेळी बातमीतल्या खुनाचे कारण खुन्याच्या सहकाऱ्यांनी सांगितलेले असते.

दुसरा लाडका वाक्प्रचार म्हणजे 'खाकीला काळिमा' किंवा 'वर्दीला डाग'. तो रागाने लिहिला जातो, पोलिसाला दोष देण्यासाठी लिहिला जातो, म्हणून तो निर्भीड वाटतो. परंतु या वाक्यात नुकसान कोणाचे झाले आहे? कापडाचे. काळिमा लागली ती वर्दीला. म्हणजे वर्दी मुळात स्वच्छ होती आणि एका माणसाने तिला मलिन केले. बळी ठरते ती वर्दी. जिचा जीव गेला, ती या वाक्यात अनुपस्थित आहे. 'रक्षकच भक्षक' या यमकाचेही तसेच. ते इतक्या वेळा वापरले गेले आहे, की ते वाचल्यावर आपल्याला धक्का बसत नाही. उलट ओळखीचे काही वाचल्याचे समाधान वाटते. जी भाषा संताप व्यक्त करता करता संतापाचे कारण झाकते, तिच्याविषयी साहित्याच्या वर्गात अवश्य बोलले पाहिजे.

तिसरा आसरा मनाच्या आजाराचा. ३१ जुलै २०२३ रोजी जयपूरहून मुंबईकडे येणाऱ्या गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाच्या गोळीबारात त्याचे वरिष्ठ सहकारी टिकाराम मीना आणि तीन मुस्लिम प्रवासी ठार झाले. हा जवान कामावर होता, बंदूकही सरकारी होती. म्हणून हे प्रकरण आमच्या विषयाच्या कडेवरचे आहे. तथापि त्यातला एक प्रसंग बोलका आहे. जवानाने आपला मानसिक आजार लपवून ठेवला होता, अशा आशयाचे निवेदन रेल्वेकडून निघाले आणि नंतर ते मागे घेण्यात आले. तोवर त्याच्या मनःस्थितीची चर्चा सुरू होऊन गेली होती. मेलेले प्रवासी कोणत्या धर्माचे होते आणि ते वेगवेगळ्या डब्यांत कसे मारले गेले, हा प्रश्न तिच्या मागून आला. आजार असू शकतो, हे आम्ही नाकारत नाही. पोलिसांच्या कामाचे तास, रजेची टंचाई, बदल्यांचा जाच हे सारे खरे आहे आणि त्यावर लिहिले गेले पाहिजे. परंतु खुनानंतर पहिल्याच दिवशी येणारे मानसशास्त्र बहुधा खात्याची जबाबदारी टाळण्याचे मानसशास्त्र असते. माणूस आजारी होता, तर त्याच्या हाती बंदूक कोणी ठेवली, हा पुढचा प्रश्न त्यात विचारला जात नाही.

याच्या आदल्या आठवड्यातच, २४ जुलै २०२३ रोजी, पुण्यात बाणेर भागात आणखी एक घटना घडली. अमरावतीला नेमणूक असलेल्या एका सहायक पोलीस आयुक्ताने पुण्यातील आपल्या घरी पहाटे पत्नीला आणि पुतण्याला गोळी घालून स्वतःचाही शेवट केला. अशा घटनांचा एक कायदेशीर परिणाम असतो, जो इतिहासकाराने ध्यानात घ्यावा. आरोपी जिवंत नसल्यामुळे खटला चालत नाही. साक्षी होत नाहीत, उलटतपासणी होत नाही, निकालपत्र लिहिले जात नाही. उरते ती केवळ बातमी. दोन दिवसांच्या बातम्या, ज्यांत 'कारण अद्याप समजू शकलेले नाही' हे वाक्य असते, आणि नंतर काहीच नाही. जेथे न्यायालय गप्प बसते, तेथे वर्तमानपत्राचा तो तुकडाच एकमेव दस्तऐवज असतो. तो कसा लिहिला गेला याला म्हणूनच एवढे महत्त्व.

हे केवळ आपल्याकडचे दुखणे नाही. ३ मार्च २०२१ रोजी लंडनमध्ये सारा एव्हरार्ड या तरुणीला वेन कझिन्स याने पळवून नेऊन ठार केले. तो महानगर पोलीस दलात नोकरीस होता. त्या वेळी कामावर नव्हता. परंतु त्याने तिला थांबवले ते पोलीस ओळखपत्र दाखवून, आणि अटकेचा बनाव करून बेड्या घालून. त्याच वर्षी त्याला आजन्म कारावास झाला. 'कामावर नसलेला' हे विशेषण तेथेही प्रथम वापरले गेले. परंतु ओळखपत्राचा तपशील उघड होताच ते टिकेनासे झाले. लोकांचा प्रश्न सरळ होता : ओळखपत्र जर कामावर होते, तर माणूस कामावर नव्हता असे कसे म्हणता? पुढे लेडी एंजोलिनी यांच्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. कझिन्सला मुळात पोलिसात घ्यायलाच नको होते आणि त्याच्याविषयीच्या आधीच्या तक्रारींकडे दुर्लक्ष झाले, असा त्याचा निष्कर्ष आहे. एका खासगी वाटणाऱ्या खुनातून भरतीच्या पद्धतीपर्यंत प्रश्न नेता येतो, हे त्या अहवालाने दाखवले.

अमेरिकेत फिलिप स्टिन्सन या अभ्यासकाने आणखी एक मार्ग दाखवला. पोलिसांनी केलेल्या गुन्ह्यांची एकत्र सरकारी नोंद तेथे नव्हती. म्हणून त्यांनी २००५ पासूनच्या स्थानिक वृत्तपत्रांतील पोलिसांच्या अटकेच्या बातम्या जमवून त्यांची सूची केली आणि गुन्हा कामावर असताना घडला की नसताना, हेही नोंदवले. म्हणजे ज्या पानाला आपण गुन्हेवृत्ताचे म्हणून नाक मुरडतो, त्याच पानांतून एक विद्याशाखीय साधन उभे राहिले. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात कोठडीतील मृत्यूंचे, पोलीस गोळीबाराचे, पोलिसांवर नोंदलेल्या गुन्ह्यांचे तक्ते असतात. रजेवर किंवा घरी असताना पोलिसाने केलेला खून त्यांत वेगळा काढून पाहता येत नाही. तो सर्वसाधारण खुनांच्या आकड्यात मिसळून जातो. जे मोजले जात नाही, त्याचा इतिहास लिहिणे अवघड असते. अशक्य मात्र नसते.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. पोलीसही माणूसच आहे. घरातली भांडणे, मत्सर, जातीचा अहंकार त्यालाही आहेत. शिक्षकाने किंवा दुकानदाराने खून केला तर आपण त्याच्या व्यवसायाची चिकित्सा करत नाही, मग पोलिसाचीच का करावी? आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. खून वर्दी उतरवून झाला तरी तो ज्या गोष्टींच्या बळावर झाला, त्या वर्दीतून आलेल्या असतील तर चिकित्सा वर्दीपर्यंत न्यावी लागते. शस्त्राचा सराव, परवाना मिळवण्याची सोय, पुरावा कसा नष्ट करावा याचे ज्ञान, तपास कोणत्या टेबलावर किती दिवस पडून राहील याचा अंदाज, 'माझे कोण काय करणार' हा भरवसा आणि समोरच्याला वाटणारी भीती : यांतील काही दुकानदाराजवळ नसते. बिद्रे यांच्या प्रकरणात खून आणि अटक यांच्यात वीस महिने गेले. सामान्य संशयिताला एवढी सवड मिळाली असती का? आणि यांतील काहीही आढळले नाही, तर खून खासगी होता असे म्हणायला आमची हरकत नाही. पण ते तपासाअंती म्हणावे, पहिल्या दिवशीच्या मथळ्यात नव्हे.

त्यामुळे आमची अपेक्षा साधी आहे. जळगाव आणि धुळे येथील महाविद्यालयांत मराठीचे आणि इतिहासाचे विभाग आहेत, आणि जिल्हा वाचनालयांत वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली आहेत. नंदुरबारच्या गोळीबारावर निबंध लिहून घेणाऱ्या शिक्षकाने एखाद्या वर्षी विद्यार्थ्याला या फायलींतले गुन्हेवृत्ताचे पान वाचायला द्यावे. गणवेशधाऱ्याने गणवेशाबाहेर केलेल्या हत्यांच्या बातम्या त्याने शोधाव्यात. कर्ता कोठे आहे, '-तून' किती वेळा आले, कारण कोणी सांगितले, शस्त्राविषयी एक तरी वाक्य आहे का, निकालाची बातमी कोणत्या पानावर किती ओळींची आहे, की ती आलीच नाही, एवढेच टिपावे. मेलेल्या व्यक्तींची नावे मिरवू नयेत. दहा विद्यार्थ्यांनी दहा वर्षांच्या फायली पाहिल्या, तरी खानदेशाच्या इतिहासाचे एक कोरे प्रकरण लिहायला सुरुवात होईल.

चोपड्याच्या त्या मुलीविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, ते जवळजवळ सगळे तिच्या मृत्यूविषयीचे आहे. अश्विनी बिद्रे यांच्याविषयी थोडे अधिक ठाऊक आहे, कारण त्यांच्या घरच्यांनी नऊ वर्षे ते बोलायचे सोडले नाही. दोघींच्या बाबतीत मारणारा हात काम संपवून घरी गेलेला होता, असे आपल्याला सांगितले गेले. कायदा तर म्हणतो की रजेवर नसलेल्या पोलिसाचे काम संपतच नाही. वर्दीच्या दोन अर्थांपैकी पहिला त्यांच्या वाट्याला आला. दुसरा, म्हणजे नीट दिलेली आणि नीट लिहून घेतलेली खबर, अजून देणे आहे.